चिंबोरीचा मसला

वर्गाच्या मधोमध आंब्याची पेटी उघडी पडली आहे. पेटीत हापूस, शेजारच्या कापडी पिशवीत रायवळ. भोवती दहा-बारा मुलं मांडी घालून बसली आहेत. अठरा ते बावीस वयाची, पांढरे कुर्ते, डोक्यावर जाळीच्या टोप्या, पुढे बुटकी बाकं आणि त्यांवर अरबी किताबं. खाडीकडच्या खिडकीतून वारा येतोय, त्याला ओहोटीच्या चिखलाचा वास आहे. दाभोळच्या खाडीकाठचं हे गाव आणि मशिदीला लागून असलेला हा मदरसा. ऐकत बसायची परवानगी घेऊन मी मागच्या भिंतीला टेकलोय.

शिकवणारे मुफ्तीसाहेब, म्हणजे धर्मशास्त्राच्या प्रश्नांना उत्तर देणारे, पंचेचाळिशीचे असतील. आवाज खालचा, मधूनच मिश्कील. पुढच्या रांगेतल्या पोराला ते विचारतात, "तुझ्याकडे दोन डझन रायवळ, याच्याकडे एक डझन हापूस. अदलाबदल करायची. चालेल?"

"दोघं राजी असतील तर का नाही चालणार?"

"राजीखुशीने सूदही घेतात लोक."

मुलं हसतात. मग मुफ्तीसाहेब हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद, सांगतात. सोनं, चांदी, गहू, जव, खजूर आणि मीठ, हे सहा जिन्नस त्याच जिनसाशी बदलायचे तर सारख्यास सारखे आणि रोखीने. कमीजास्त झालं की तो रिबा, म्हणजे सूद. खैबरच्या उंची खजुरांचा किस्साही येतो. एका सहाबीने, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्याने, दोन मापं हलकी खजूर देऊन एक माप चांगली आणली, तेव्हा पैगंबरांनी तसं करू नका म्हणून बजावलं. हलकी खजूर पैशाला विका आणि त्या पैशाने चांगली घ्या, अशी वाट दाखवली.

"सहा नावं झाली. यात आंबा नाही, तांदूळही नाही. मग?"

इस्लामी न्यायशास्त्राचं, म्हणजे फिक्हचं, सगळं यंत्र या 'मग?'पाशी सुरू होतं. कुरआनात आहे का ते आधी पाहायचं. मग हदीस. मग त्या बाबतीत उलेमांचं, म्हणजे धर्मपंडितांचं, एकमत, इज्मा, झालेलं आहे का. तिन्हीकडे थेट उत्तर नसेल तर कियास. म्हणजे जिथे हुकूम माहीत आहे तिथे तो कशामुळे लागला ते कारण शोधायचं आणि तेच कारण नव्या गोष्टीत सापडलं तर हुकूम तिलाही लावायचा. या कारणाला इल्लत म्हणतात. दारू हराम, कारण ती नशा आणते. त्याच न्यायाने चरस आणि अफूही. हे उदाहरण सोपं आहे. आंब्याचं तसं नाही.

"गहू, जव, खजूर, मीठ. चौघांत सारखं काय?"

"खायचे आहेत," एक म्हणतो.

"मापून विकतात," दुसरा.

"दोघंही बरोबर, आणि म्हणून भांडण," मुफ्तीसाहेब म्हणतात. इमाम शाफिईंनी 'खाण्याचा जिन्नस' ही इल्लत धरली. आंबा खाण्याचा, म्हणून डझनाला दोन डझन चालणार नाही. अबू हनीफांच्या मजहबाने, म्हणजे न्यायपरंपरेने, 'माप किंवा वजन' ही इल्लत धरली. आंबा डझनावर, नगाने विकला जातो, म्हणून हातोहात कमीजास्त देवघेव चालेल. उलट लोखंड वजनाने विकतात, तर लोखंडाला लोखंड देताना हनफींकडे सारखंच हवं. शाफिईंना लोखंडाचं काही पडलेलं नाही. लोखंड कोणी खात नाही. इमाम मालिकांनी साठवून ठेवायचं मुख्य अन्न पाहिलं. आणि जाहिरी पंथाने सरळ सांगितलं की सहा म्हणजे सहाच, कियास कसला करता! हदीस एकच. तिच्यातून एवढ्या वाटा फुटल्या आणि प्रत्येक वाटेवर लोक हजार-बाराशे वर्षं चालत आले आहेत.

मागच्या रांगेतून प्रश्न येतो, "हजरत, आता आंबा किलोवरही विकतात. मग हनफींचं काय?"

मुफ्तीसाहेब थांबतात. प्रश्न त्यांना आवडलेला दिसतो. ज्या जिनसाचं नाव हदीसमध्ये नाही, तो मापाचा, वजनाचा की नगाचा हे हनफींकडे लोकांच्या चालीवर ठरतं. चाल म्हणजे उर्फ. बाजार डझनावरून किलोवर गेला तर हनफींचा हुकूम बदलेल, शाफिईंचा बदलणार नाही. धर्मशास्त्राची एक बाजू बाजारातल्या तराजूवर हलते, हे मी अशा वर्गात ऐकेन असं वाटलं नव्हतं.

इथली मुलं शाफिई. कोकणी मुसलमान शाफिई, तसेच भटकळचे नवायत आणि केरळचे मापिला. देशावरचा, उत्तरेकडचा मुसलमान बहुतेक हनफी. कारण साधं आहे. मध्य आशियातून खैबर खिंड ओलांडून आलेल्या तुर्क-मोगलांबरोबर हनफी मजहब आला. एडन आणि तांबड्या समुद्राकडून दाभोळ, चौल, कालिकतला लागणाऱ्या गलबतांतून शाफिई उतरला. माहीमचे मखदूम अली माहिमी, ज्यांच्या उरुसाला मुंबई पोलिसांचा संदल निघतो, तेही शाफिई पंडितच. या मुलांच्या बाकांवर 'फत्हुल मुईन' हा ग्रंथ आहे, तो सोळाव्या शतकात मलबारच्या झैनुद्दीन मखदूमांनी लिहिला आणि आज तो इंडोनेशियापर्यंत शिकवला जातो. आपल्या किनाऱ्याने दिलेली ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

दारात चपला वाजतात. एक साठीची बाई, तिच्यामागे तरुण मुलगा आणि त्याच्या मागे ओढणी सावरत सून. मुलगा कुवेतहून सुट्टीवर आलेला. मुफ्तीसाहेब मुलांना उठवत नाहीत. "बसा चाची. पोरंही ऐकू देत, शिकतील."

चाची थेट मुद्द्याला हात घालतात. "मुफ्तीसाब, आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या चिंबोऱ्या खातात. ही आली सोलापूरकडनं. कोळंबीला हात लावीत नाय, चिंबोरीचं नाव काढलं की ताटावरनं उठते. घरात पोराचा जीव तगमगतो. तुम्ही सांगा हिला, हलाल आहे म्हणून."

"उठत नाही अम्मी," सून म्हणते. आवाज बारीक, पण घाबरलेला नाही. "आमच्याकडे शिकवलंय की मासळीशिवाय पाण्यातलं काही खायचं नाही. मी एवढंच विचारते की लग्न झाल्यावर माझा मजहब बदलतो का?"

मुलगा छताच्या पंख्याकडे बघतोय.

मुफ्तीसाहेब आधी मुलांकडे वळतात. "समुद्रातलं खायला दलील कुठली?" एकजण सूरह माइदाची शहाण्णवावी आयत सांगतो, समुद्राची शिकार हलाल करणारी. दुसरा हदीस सांगतो, समुद्राचं पाणी पाक आणि त्यातलं मेलेलंही हलाल. तिसऱ्याला अंबरची गोष्ट आठवते. ती मुफ्तीसाहेब त्याच्याकडून पूर्ण वदवून घेतात.

सहाबी अबू उबैदांच्या हाताखाली तीनशे माणसांची तुकडी किनाऱ्याकडे गेली होती. शिधा संपत आला, माणशी दिवसाला एक खजूर उरली, तीही संपली. झाडांची पानं झोडून खायची वेळ आली. तेवढ्यात समुद्राने एक प्रचंड मासा बाहेर टाकला, अंबर. त्याच्या दोन बरगड्या उभ्या केल्या तर खालून उंटावरचा स्वार गेला. अबू उबैदा आधी म्हणाले, हे मेलेलं जनावर आहे. मग म्हणाले, आपण अल्लाहच्या कामावर आहोत आणि उपाशी आहोत, खा. कित्येक दिवस सगळे त्यावर जगले.

"म्हणजे भुकेपोटी मेलेलंही चाललं," मुफ्तीसाहेब म्हणतात. "मजबुरीत मुभा आहेच कुरआनात. मग यातून 'एरवीही हलाल' कसं काढलंत?"

वर्ग गप्प. चाचीही पुढे झुकतात.

"पुढे काय झालं?"

खिडकीजवळचा मुलगा उठतो. "मदीनेत परत आल्यावर पैगंबरांनी विचारलं, त्यातलं काही उरलंय का. त्यांनी मागून घेतलं आणि खाल्लं."

"मदीनेत मजबुरी होती?"

"नाही."

"बस. एवढ्या एका घासाने हुकूम बदलला. तो नसता तर ही हदीस फक्त उपाशी माणसाची राहिली असती."

मग ते सुनेची बाजू मांडतात, आणि मुलांची मांडली तेवढ्याच नेटाने. हनफी म्हणतात, अंबर मासाच होता, हदीस त्याला मासाच म्हणते. दुसरी हदीस आहे की मेलेल्यांतले दोनच हलाल, मासा आणि टोळ. तर समुद्रातलं हलाल म्हणजे मासा, बाकी नाही. हनफींच्या 'हिदाया'त हेच आहे. मर्गीनानींचा हा बाराव्या शतकातला ग्रंथ 1791 साली चार्ल्स हॅमिल्टनने इंग्रजीत आणला आणि कंपनी सरकारच्या गोऱ्या न्यायाधीशांनी त्याच्यावर निकाल दिले. जिवंत मुफ्तीची जिवंत वादावादी मागे पडली, कोर्टात पोचलं एक पुस्तक. पुढच्या कटकटींपैकी बऱ्याच तिथून सुरू झाल्या, असं माझं मत.

"कोळंबी मासा आहे का?" सून विचारते.

"यावर तुमच्याच उलेमांत दोन तट आहेत, बेटी. दमीरी म्हणून काहिराचे एक आलिम होऊन गेले, 1405 साली वारले. त्यांनी प्राण्यांचा कोश लिहिला, त्यात कोळंबीला बारीक लाल मासा म्हटलंय. काही हनफी मुफ्तींनी तो आधार धरून हलाल म्हटलं. दुसरे म्हणतात, तिला ना काटा ना कल्ले माशासारखे, ती मासा नाही, टाळलेलं बरं. तुम्ही खाल्लीत तर तुमच्याच घरातल्या एका मताने खाल्लीत. नाही खाल्लीत तर दुसऱ्या."

"आणि चिंबोरी?"

"चिंबोरीला मासा कोणीच म्हणत नाही. तुम्हाला ती नाही."

चाचींचा चेहरा उतरतो. पण मुफ्तीसाहेबांचं संपलेलं नाही. ते मागच्या फडताळातून एक जाड किताब काढतात, पानं उलटतात आणि चाचींकडे बघतात. "आता तुमचं. हे इमाम नववींचं 'मिन्हाज'. आपल्या मजहबाची पक्की किताब. यात लिहिलंय, जे पाण्यातही जगतं आणि जमिनीवरही, जसा बेडूक, खेकडा, साप, ते हराम."

"या अल्लाह!" चाची म्हणतात. मुलगा पहिल्यांदाच पंख्यावरून नजर काढतो.

मला वाटतं, या खोलीतला सगळ्यात मोलाचा क्षण हाच. 'आमच्यात चालतं' म्हणत आलेल्या बाईलाही किताब तोच धाक घालते जो ती सुनेला घालायला आली होती. मुफ्तीसाहेब दुसरा ग्रंथ काढतात. त्याच नववींचा 'मजमूअ'. यात ते म्हणतात की समुद्रात राहणारं बेडकासारखे अपवाद सोडून सगळं हलाल, हेच खरं. लेखक एक, ग्रंथ दोन, बोल वेगळे. नववी वारले 1277 साली, त्यांना विचारायची सोय नाही.

"मग करायचं काय?" मुफ्तीसाहेब मुलांना विचारतात. उत्तर येत नाही म्हटल्यावर ते स्वतःच सांगतात. मिन्हाजमधलं कारण बघा. 'दोन्हीकडे जगतं' हे कारण. मग खाडीतली चिंबोरी दोन्हीकडे जगते का, हे आधी ठरवा. हे किताबीत नाही, खाडीत आहे.

चाची लगेच म्हणतात, "जगते की! बाजारात दोरीने बांधून ठेवतात, दुसऱ्या दिवशी घरी आणली तरी नांग्या हालवते."

"जिवंत राहते, चाची. पण संसार कुठे करते? श्वास कल्ल्यांनी, अंडी पाण्यात. कल्ले ओले असेपर्यंत तग धरते." मग ते इंडोनेशियाची गोष्ट सांगतात. तिथेही शाफिई, तिथेही किनारा, तिथेही हाच वाद. 2002 साली तिथल्या उलेमा परिषदेने मत्स्यशास्त्राच्या तज्ज्ञांना बोलावून विचारलं. त्यांनी सांगितलं, हे खेकडे पाण्यातलेच जीव. त्यावर परिषदेने हलालचा फतवा दिला. ज्या जातींबद्दल तिथे विचारलं गेलं त्यांत कांदळवनातली मोठी चिंबोरी होती. दाभोळच्या खाडीतली तीच.

"म्हणजे खायच्या?"

"खाडीतल्या, समुद्रातल्या खा. पहिल्या पावसाला शेताच्या बांधावर, डोंगरात फिरतात ते मुठे मात्र मी यात धरत नाही. त्यांचं मला नक्की माहीत नाही. चौकशी करून सांगेन."

'माहीत नाही' म्हणायची या शास्त्रात जुनी प्रतिष्ठा आहे. इमाम मालिकांना अठ्ठेचाळीस प्रश्न विचारले तर बत्तिसांना ते 'मला ठाऊक नाही' म्हणाले, असं सांगतात. टीव्हीवर चर्चेला बसणाऱ्या मौलानांना आणि त्यांना बसवणाऱ्यांना ही गोष्ट कोणीतरी ऐकवायला हवी.

चारला थोडा अवकाश असताना असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, अजान होते. शाफिई वेळ, वस्तूची सावली वस्तूएवढी झाली की. मुलं, मुफ्तीसाहेब, कुवेतवाला उठून मशिदीत जातात. सून बसूनच असते. हनफी असर सावली दुप्पट झाल्यावर, पाचच्या सुमाराला. चाची आतल्या बाजूला नमाज पढून येतात आणि काही न बोलता तिच्याशेजारी बसतात. म्हणजे या घरात एक नमाज रोज दोन वेळांना होते आणि त्यावरून कोणाचा जीव तगमगत नाही. तंटा फक्त चुलीपाशीच.

परत आल्यावर मुफ्तीसाहेब फतवा लिहायला घेतात. कागदाच्या वरच्या भागात प्रश्न, मुलाच्या शब्दांत, उर्दूत. त्याखाली 'अल-जवाब'. ते लिहिता लिहिता मोठ्याने सांगतात. लग्नाने बायकोचा मजहब बदलत नाही. सासरच्यांनी तिला खाण्याचा आग्रह करू नये. तिने घरच्यांसाठी रांधायला हरकत नाही. आणि भांड्यांचं काय, हा सुनेचा शेवटचा प्रश्न. खेकड्यात वाहतं रक्त नाही, हनफींच्याच नियमाने त्यामुळे भांडं नापाक होत नाही, धुतलं की झालं. खाली दोन किताबांची नावं, पानांसकट. शेवटी 'वल्लाहु आलम', अल्लाहच जास्त जाणतो. सही, मोहर, आणि जाड वहीत नोंद.

ती वही मी चाळायला मागतो. नावांवर हात ठेवून मुफ्तीसाहेब नुसते विषय दाखवतात. तलाक, हप्त्यावरची गाडी, म्युच्युअल फंड, विमा, रोजा असताना इंजेक्शन. मी विचारतो, चिंबोरीसाठी एवढी वाट काढलीत, मग बहिणीला भावाच्या निम्मा हिस्सा, तिथे का नाही निघत? ते चिडत नाहीत. कुरआनात हिस्सा आकड्यात दिलेला आहे, म्हणतात. जिथे नस्स, म्हणजे मूळ वचन, स्पष्ट तिथे कियासला जागा नाही. इल्लत शोधायची ती जिथे वचन मुकं आहे तिथे. उत्तर शास्त्राला धरून आहे आणि मला पटत नाही. कारण कुठलं वचन स्पष्ट आणि कुठलं अर्थाला मोकळं, हे ठरवायला शतकानुशतकं बहुतकरून पुरुषच बसले, आणि या वर्गातही मुलगी एकही नाही. आज सगळ्यात नेमका प्रश्न जिने विचारला तिला विचारायला तरी सोलापूरहून इथे यावं लागलं.

पण पुढे तेच सांगतात ते ऐकण्यासारखं आहे. "निम्म्याचं तुम्ही विचारता. इथे बहिणींना तो निम्माही मिळत नाही. तलाठ्याकडे हक्कसोड करून घेतात आणि ईदला साडी देतात. वारसाचे प्रश्न या वहीत येतात ते भावांचे. बहीण विचारायला आलेली मला आठवत नाही." हक्कसोडपत्राच्या बाबतीत कोकणात हिंदू-मुसलमान असा भेद नाही, हे मी बोलत नाही. त्यांनाही माहीत आहे.

चाची कागदाची घडी घालून बटव्यात ठेवतात. "कोळंबी तरी खाशील ना?" असं सुनेला विचारतात. ती म्हणते, बघू. मुलं आंब्याच्या पेटीकडे बघतायत. मुफ्तीसाहेब सगळ्यांना एकेक हापूस वाटतात, फुकट; यात कुठल्याच मजहबाचा वाद नाही.

या कागदाला सरकारी ताकद काडीचीही नाही. फतवा कोणावर बंधनकारक नाही आणि कोणी तो जबरदस्तीने लादू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली स्पष्ट केलं. मुफ्तीसाहेबांना हा निकाल नवा वाटत नाही. मुफ्ती सांगतो, काजी निवाडा करतो, हा फरक त्यांच्या किताबांत पहिल्यापासून आहे. विचारणारा उठून दुसऱ्या मुफ्तीकडे जाऊ शकतो आणि लोक जातातही. तेव्हा पुढच्या खेपेला 'अमक्या ठिकाणी फतवा निघाला' अशी बातमी वाचाल तर एवढं करा. तो कोणी विचारला होता, काय विचारलं होतं आणि खाली कुठल्या किताबाचं पान दिलं होतं, हे बातमीत आहे का ते बघा. बहुतेक वेळा नसतं.